पाखराबरोबर डोंगरही

बारामती तालुक्यातल्या कन्हेरीचा मारुती वर्तमानपत्रांत झळकतो तो निवडणुकीच्या दिवसांत. प्रचाराचा नारळ या मंदिरात फोडण्याचा राजकीय रिवाज जुना आहे. मारुतीच्या चरित्रात मात्र एक प्रसंग असा आहे, की तो या गावाच्या आसपास माळावर दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या अधिक जवळचा वाटावा. लक्ष्मण निपचित पडला आहे. सुषेण वैद्याने वनस्पतींची नावे सांगितली आहेत: विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी, संजीवकरणी, संधानी. हनुमान पर्वतावर पोहोचतो. नावे तोंडपाठ आहेत, ठिकाण बरोबर आहे, अंगात बळ आहे. तरीही नेमकी वनस्पती कोणती, हे त्याला ओळखता येत नाही. वाल्मीकींच्या युद्धकांडात तो थांबतो, विचार करतो आणि वेळ दवडण्यापेक्षा आख्खे शिखरच उपटून आणतो. वनस्पती ओळखतो तो सुषेण.

कीर्तनकार या प्रसंगात भक्ती दाखवतात, बळ दाखवतात. पण त्यात ज्ञानाचाही एक अवघड प्रश्न दडलेला आहे. नाव ठाऊक असणे वेगळे, वस्तू डोळ्यांपुढे असणे वेगळे आणि हे नाव या वस्तूचे, हे उमगणे आणखी वेगळे. आणि ओळख पटली म्हणजे ती वस्तू समजली का? भारतीय दर्शनांनी या प्रश्नांवर शतकानुशतके वाद घातले. त्या वादांची कसोटी पाहायची तर एका लहानशा पाखराइतका चांगला साक्षीदार मिळणे कठीण.

दसरा उलटला की बारामती-इंदापूरचे माळ पिवळे पडू लागतात. हा पर्जन्यछायेचा मुलूख. कालव्याखाली ऊस डोलतो आणि कालव्याचे पाणी जिथे चढत नाही तिथे कुसळी, तरवड, बोर, हिवर आणि मुरुमाचे उघडे तुकडे. अशा एखाद्या खडकाळ उतारावर चिमणीएवढे पाखरू खाली मान घालून गवताचे बी टिपत असते. लांबी सुमारे १५ सेंटीमीटर. पाऊल वाजले तर ते लगेच उडत नाही, दगडाच्या आड सरकते. रंग मातीचा, त्यामुळे हलेपर्यंत दिसतही नाही. हा करड्या मानेचा भारीट. त्याचे पाळणाघर इथे नाही. इराण-अफगाणिस्तानचे कोरडे डोंगर, कझाकस्तानचे खडकाळ उतार, पश्चिम मंगोलियातल्या अल्ताईच्या रांगा, एवढ्या मोठ्या डोंगराळ पट्ट्यात तो वीण घालतो आणि हिवाळ्यासाठी मुख्यतः पश्चिम भारतात उतरतो. काही पाखरे तीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून दख्खनच्या माळावर पोहोचत असणार.

त्याला ओळखायचे कसे?

पहिल्या क्षणी दिसते ते फक्त ‘काहीतरी’. त्याला नाव नसते, गुण नसतो, वर्ग नसतो. न्यायदर्शन याला निर्विकल्पक प्रत्यक्ष म्हणते. दुसऱ्या क्षणी ते काहीतरी ‘करड्या डोक्याचे, गुलाबी चोचीचे पाखरू’ होते. विशेष्य आणि विशेषण जोडले जातात, ते सविकल्पक. गौतमाच्या न्यायसूत्रांत तर पदाचा अर्थ काय, या प्रश्नाचे उत्तर तीन गोष्टी एकत्र बांधून दिले आहे: व्यक्ती, आकृती आणि जाती. दगडाआडचे ते एक पाखरू ही व्यक्ती. तिची ठेवण, रंगांची मांडणी ही आकृती. आणि तिला अल्ताईतल्या तिच्या भावंडांशी जोडते ती जाती. पक्षिनिरीक्षकाच्या हाती व्यक्ती येते, डोळ्यांत आकृती भरते. जाती मात्र कुणालाही थेट दिसत नाही.

म्हणून तो दुसऱ्या वाटेने जातो. हा माळावरचा चंडोल नव्हे, कारण छातीवर रेघा नाहीत. तिरचिमणी नव्हे, कारण चोच दाणे फोडायला लागते तशी जाड, शंकूसारखी आहे. भारीटच, पण युवराज नव्हे. त्याच्या डोक्यावर तुरा असतो आणि नर तर काळाभोर, तांबूस पंखांचा. मग उरतो ऑर्टोलन भारीट, भारतात क्वचित भटकून येणारा, दिसायला अगदी जवळचा. त्याचा गळा पिवळसर, डोक्यावर हिरवट छटा. समोरच्या पाखराचे डोके निखळ राखाडी-निळसर आहे, गळा फिकट आहे, पोट विटकरी-गुलाबी आहे, डोळ्याभोवती पांढरे बारीक कडे आहे. म्हणजे ऑर्टोलनही नव्हे. एकेक नाव खोडत गेल्यावर जे उरले ते करड्या मानेचा भारीट.

पाचव्या-सहाव्या शतकातला बौद्ध तार्किक दिङ्नाग हे वर्णन ऐकून समाधानाने मान डोलावेल. त्याचा अपोहवाद हेच सांगतो. ‘गाय’ या शब्दाने सगळ्या गायींत वसणारे कोणतेही नित्य गोत्व कळत नाही. शब्द फक्त गाय नसलेल्या सगळ्यांना वगळतो. जगात आहेत त्या निरनिराळ्या, क्षणिक व्यक्ती. जाती ही बुद्धीने मारलेली रेघ. नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते घोड्यात घोडेपण खरोखर असते, म्हणून शंभर घोड्यांकडे पाहून एकच शब्द सुचतो. आणि मीमांसक कुमारिल भट्टाने अपोहवाद्यांना नेमक्या दुखऱ्या जागी गाठले: गाय नसलेले वगळायचे, तर गाय म्हणजे काय हे आधी माहीत नको का?

कुमारिलाचा आक्षेप माळावर रोज खरा ठरतो. ज्याने चंडोल कधी पाहिलाच नाही, तो चंडोल वगळणार कसा? वगळण्यासाठीसुद्धा आधी पुष्कळ काही आपलेसे करून ठेवावे लागते. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची गोष्ट याच जातीची. १८९६ मध्ये जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नसेल, तर ती धर्माप्रमाणे खाण्याजोगी आहे का, ही शंका घेऊन तो मामाकडे गेला. मामांनी त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पाखरांचे कप्पेच्या कप्पे त्याच्यापुढे उघडले. धर्माच्या एका साध्या शंकेतून एका आयुष्याची दिशा ठरली. त्या मुलापुढे मिलार्ड यांनी एका चिमणीसाठी सगळा डोंगर आणून ठेवला होता.

आता भारीटांचाच आणखी अवघड पेच. हुरड्याच्या दिवसांत दख्खनच्या ज्वारीच्या शेतांवर भारीटांचे थवे उतरतात. त्यांत काळ्या डोक्याचे असतात, लाल डोक्याचेही असतात. नर वेगळे काढणे सोपे. माद्या मात्र दोन्हींच्या मळकट तपकिरी, पिवळसर झाक असलेल्या, जवळजवळ एकसारख्या. मुरलेले निरीक्षकही ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना प्रामाणिकपणे दोन्ही नावे मध्ये तिरपी रेघ देऊन लिहितात. ही अडचण फक्त माणसाच्या डोळ्यांची असती, तर चांगल्या दुर्बिणीने ती मिटली असती. पण काळ्या डोक्याचा भारीट पश्चिमेचा, आग्नेय युरोप ते इराण. लाल डोक्याचा मध्य आशियाचा. आणि उत्तर इराणात, कास्पियन समुद्राच्या आग्नेयेला, दोघांचे प्रदेश भिडतात तिथे ते एकमेकांत जोड्या बांधतात. त्यांच्या पिल्लांना कोणत्या जातीचे म्हणायचे?

नैयायिक उदयनाचार्यांनी, सुमारे हजार वर्षांपूर्वी, एखादा वर्ग खरी जाती ठरण्याच्या आड येणाऱ्या सहा बाधा सांगितल्या. त्यांतल्या एकीचे नाव आहे संकर. दोन वर्ग एकमेकांबाहेरही आढळत असतील आणि कुठे एकाच ठिकाणी एकत्रही येत असतील, तर त्यांना जाती म्हणता येणार नाही. उदयन पाखरांविषयी बोलत नव्हते. तरीही न्यायशास्त्राने तर्कातल्या एका दोषाला दिलेला शब्द आज मराठी जीवशास्त्रात दोन जातींच्या संततीसाठी वापरला जातो, आणि कास्पियनच्या काठावर दोन्ही अर्थ एकाच झुडपावर येऊन बसतात.

याहून पुढचे उदाहरण हिरवट वटवट्याचे. जेमतेम काही ग्रॅमचे हे पाखरू, हिमालय आणि सायबेरियाच्या जंगलांतले. हिवाळ्यात ते दक्षिणेकडे उतरते आणि आमराईत, कडुनिंबाच्या शेंड्यात सतत हलत राहते. क्लॉड टायसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये या कुळावर ग्रंथ लिहिला तेव्हाच त्यांच्या लक्षात आले होते, की तिबेटच्या पठाराभोवती या पाखरांची एक कमान आहे. हिमालयातून पश्चिमेने वर जावे तर गाणे आणि पिसारा हळूहळू बदलत जातो, पूर्वेने चीनमधून वर जावे तरी तसाच. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. पण दोन्ही टोके मध्य सायबेरियात भेटतात तेव्हा पश्चिमेचा वटवट्या पूर्वेच्या गाण्याला ओळख देत नाही. डॅरेन आयर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून हे चित्र तपशिलाने मांडले. २०१४ मध्ये त्यांच्याच गटाने जनुकांचा आणखी बारीक अभ्यास केला तेव्हा दिसले, की ही साखळी वाटली तितकी अखंड नव्हती. मधल्या काळात तिच्यात खंड पडले होते, काही ठिकाणी पुन्हा संबंधही जुळले होते. म्हणजे जातीची सीमा इथे काळातही सरकते आहे. रेघ कुठे ओढायची, याचे उत्तर एका ठिकाणी उभे राहून देता येत नाही.

मग दिङ्नाग जिंकला, जाती हा बुद्धीचा खेळ ठरला, असे म्हणायचे का? त्याच परंपरेतला धर्मकीर्ती इथे अधिक उपयोगी पडतो. तो दाखला देतो वनस्पतींचाच. गुळवेल आणि इतर काही वनस्पती एकमेकींपासून वेगळ्या आहेत, त्यांच्यात एकच नित्य तत्त्व शोधायची गरज नाही. पण ताप उतरवण्याचे काम त्या करतात, म्हणून आपण त्यांना एका नावाखाली आणतो. वर्ग खरा ठरतो तो कार्यामुळे. हा विचार पाखरांना लावला तर पुस्तकातल्या चित्रावरची नजर दुसरीकडे जाते. भारीटांना एकत्र बांधणारे काय आहे? अमुक एक उतार, जिथे जोडी जमते. दगडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला जमिनीवर बांधलेले घरटे. एक छोटे गाणे, जे फक्त त्यांच्यातल्याच माद्यांना काही सांगते. करड्या मानेच्या भारिटाचे भारीटपण त्याच्या मानेत थोडेच आहे. बरेचसे ते डोंगरात आहे.

आणि नेमके हेच इथे दिसत नाही. कन्हेरीच्या मुलखात तो गात नाही. हिवाळ्यात त्याचा फार तर एक बारीक, तुटक आवाज येतो. जवळच्याच काटेवाडीला आषाढात तुकोबांची पालखी येते, मेंढ्यांचे रिंगण होते, लोकरीचा कळप पालखीभोवती धावतो. त्या दिवसांत भारीट उत्तरेला पिल्लांच्या चोचीत किडे भरवत असतो. माळावर मेंढ्या चारणारा धनगर त्याला ओळखतो तो हिवाळ्यातला मुका पाहुणा म्हणून. कझाकस्तानच्या उतारावर मेंढ्या चारणारा मेंढपाळ त्याला ओळखतो तो दगडावर बसून गाणारा घरमालक म्हणून. दोघांचे पाखरू एकच, दोघांचे ज्ञान खरे आणि दोघांचेही अर्धे. जैन दार्शनिकांचा अनेकांतवाद हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीने समजावला जातो. त्या गोष्टीत डोळस माणूस शेवटी पूर्ण हत्ती पाहतो. भारिटाच्या बाबतीत असा एक डोळस माणूस नाही. त्याला पूर्ण जाणायचे तर दोन मेंढपाळांना एकमेकांशी बोलावे लागेल.

नावांच्या बाबतीतही हा फरक जाणवतो. करड्या मानेच्या भारिटाचे शास्त्रीय नाव एम्बेरिझा बुकॅननी. एडवर्ड ब्लाइथ यांनी ते एकोणिसाव्या शतकात दिले, स्कॉटिश डॉक्टर आणि सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांच्या नावावरून. जगात कुठेही ते नाव घेतले तर हेच पाखरू कळते, ही त्याची मोठी सोय. पाखराविषयी मात्र ते काही सांगत नाही. उलट खाटीक म्हटले की भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत आदिवासींकडून, पारध्यांकडून असे शब्द वेचले आणि पक्षिकोशात आणले. त्या शब्दांत पाखरू आणि त्याला पाहणारा माणूस दोघेही आहेत.

ज्ञानदेवांनी अमृतानुभवात शब्दाचे खंडन केले, हे सर्वश्रुत आहे. पण खंडनाआधी त्यांनी शब्दाला मनापासून दाद दिली आहे, तिकडे कमी लक्ष जाते. शब्द उपकारी आहे, तो स्मरणाचे दान देतो, अमूर्ताचा आरसा होतो, असे ते म्हणतात. त्यांचा आक्षेप एवढाच, की जे स्वतःच प्रकट आहे त्याला आठवणीची गरज नाही, तिथे शब्दाचा उपयोग संपतो. पाखराच्या नावाकडे असे पाहिले तर वाद निवळतो. नाव हे पाखराचे स्वरूप नव्हे आणि बुद्धीचा भ्रमही नव्हे. ते आठवण करून देते: याला पूर्वी पाहिले आहे, त्याचा डोंगर अमुक आहे, तो चैत्रात जाणार आहे. समोर पाखरू असताना नाव बाजूला ठेवता येते. पाखरू उडून गेल्यावर नावच हाती उरते.

पण नाव आठवण देण्याऐवजी पुसून टाकू लागले तर? इथे हा प्रश्न ग्रंथांतून उठून जमिनीवर येतो. ज्या माळावर भारीट उतरतो त्याला सरकारी भाषेत बहुधा ‘पडीक’ म्हणतात. केंद्र सरकारने २००० मध्ये देशातल्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह काढला; त्यातल्या वर्गवारीत अशी झुडपी, खडकाळ, गवताळ जमीन मोठ्या प्रमाणावर बसते. पडीक या शब्दाचा अर्थ तपासला तर तो निव्वळ अपोह आहे. शेत नाही, जंगल नाही, वस्ती नाही, म्हणून पडीक. काय नाही ते सगळे सांगून झाले, काय आहे ते एकानेही विचारले नाही. दिङ्नागाची पद्धत पाखराला लावली तेव्हा शेवटी एक पाखरू उरले होते. तीच माळाला लावली तेव्हा शेवटी काहीच उरले नाही आणि काही नसलेल्या जागेवर काहीही करता येते: खड्डे खणून ओळीने ग्लिरिसिडिया लावता येते, कारखाना आणता येतो, मुरूम उपसता येतो.

प्रत्यक्षात या ‘काही नाही’मध्ये चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यासाठी राखले गेले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तेव्हा निदान त्या तुकड्यांना तरी स्वतःचे नाव मिळाले. झाडे लावणे हे पुण्याचे काम मानणाऱ्या समाजाला गवत राखणेही पुण्याचे असू शकते, हे पटवणे सोपे नाही. देवराया राखणाऱ्या या मातीत डोंगरावरच्या झाडाला देवाचे नाव मिळाले. माळाच्या वाट्याला तो मान फारसा आला नाही. ज्याला माळ नुसता मोकळा दिसतो त्याच्या लेखी भारीटही नाही, कारण भारिटाला झाड नकोच असते. त्याला हवी असते ती उघडी, दगडगोट्यांची, विरळ गवताची जागा, त्याच्या डोंगराची आठवण करून देणारी. अल्ताईचा एक तुकडा त्याला बारामतीत सापडतो, म्हणून तो इथे येतो.

सुषेणाला संजीवनी ओळखता आली, कारण तिच्याभोवतीचा डोंगर तिच्यासोबत आला होता. वाल्मीकींच्या कथेत याआधीही एकदा हनुमान असेच शिखर घेऊन येतो. त्या वेळी आपल्यासाठी कुणी आले आहे हे कळताच वनस्पती स्वतः अदृश्य झाल्या होत्या. वानरसेना उठून उभी राहिल्यावर तो शिखर जिथले तिथे नेऊन ठेवतो. चित्रांत, कॅलेंडरांवर, मंदिरांच्या भिंतींवर दिसतो तो पर्वत घेऊन येणारा मारुती. पर्वत परत नेणारा मारुती कुणी फारसा रंगवत नाही.

मार्च सरता सरता माळावरच्या दगडांना हात लावता येत नाही इतके ऊन होते. भारीट एकेक करून कमी होत जातात. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या पहाटे, मारुतीच्या देवळांत जन्माची वेळ होते आणि सुंठवडा वाटला जातो. त्या सुमारास उत्तरेच्या एखाद्या उतारावर बर्फ वितळून नुकतेच उघडे पडलेले दगड असतात, आणि त्यांच्यावर बसून तेच पाखरू, जे इथे महिनोन्‌महिने मुके होते, गात असते.